कण्याभोवतीची मेहनत : प्रस्तावना

कंबर धरली की पहिला संशय गादीवर जातो. मग ऑफिसच्या खुर्चीवर, मग रस्त्यातल्या खड्ड्यांवर, आणि घरात कुणी ज्येष्ठ असतील तर पंख्याखाली उघड्या अंगानं झोपण्यावर. शेक, मलम, पट्टा असं सगळं होतं. आठ-दहा दिवसांत बरं वाटतं आणि विषय मिटतो. पुढे कधीतरी बादली उचलताना पुन्हा उसण भरते, तेव्हा जिमला जाणारा भाचा सांगतो, "मामा, तुमचं कोअर कमजोर आहे. क्रंचेस सुरू करा." भाच्याच्या सल्ल्याचा पहिला भाग बहुधा बरोबर असतो आणि दुसरा बहुधा चूक. या पुस्तकाचा निम्मा भाग त्या चुकीविषयी आहे. उरलेला निम्मा, मामांनी उत्साहानं सुरू केलेला व्यायाम दीड महिन्यात बंद का पडतो, याविषयी.

हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. व्यायाम दिसला पाहिजे, अशी आपल्याला हौस असते. पोटावरच्या सहा गाठी दिसतात म्हणून पोटाचा व्यायाम त्यांच्यासाठी होतो. रोज नवा प्रकार केला की काहीतरी घडतंय असं दिसतं म्हणून दर आठवड्याला नवा गडी, नवं राज्य. धडाची, म्हणजे भाचा म्हणतो त्या कोअरची, खरी ताकद मात्र हालचाल न होण्यात असते. आणि ती वाढते ती इतक्या बारीक फरकांनी की शेजारी उभ्या माणसालाही ते कळू नयेत.

आधी कण्याचं पाहू. कमरेचे पाच मणके, त्यांच्यामधल्या चकत्या आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध एवढंच स्नायूंविना उभं केलं तर ते किती वजन पेलेल? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगशाळेत तपासलं. उत्तर आलं सुमारे ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलोच्या आसपास. त्यापुढे कणा बाकतो. आपलं डोकं, हात आणि छाती यांचं वजनच याच्या कितीतरी पट भरतं. म्हणजे आपण उभे राहतो ते हाडांच्या नव्हे, भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. गलबताची डोलकाठी चारी बाजूंच्या दोरांनी ताणून धरलेली असते, तसा हा प्रकार आहे. एकच दोर कितीही जाड केला आणि बाकीचे सैल सोडले तर काठी त्याच बाजूला झुकणार. पुढून पोटाचा सरळ स्नायू, कुशीला तिरके स्नायू, सगळ्यांच्या आत पोटाभोवती आडवा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्स अ‍ॅब्डोमिनिस, मागे मणक्यांना चिकटून असलेले मल्टिफिडस, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ असे हे सगळे दोर आहेत. क्रंचेसनं यांतला एक जाड होतो, तोही आरशात दिसणारा.

या दोरांचं काम कसं चालतं यावर १९९६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठातून पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांचा एक अभ्यास आला. उभ्या माणसाला हात झटकन वर करायला सांगितलं तर निरोगी माणसाचा आतला आडवा स्नायू हात हलायच्या आधीच आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होत होता. अभ्यास उत्तम होता, पण त्याचं पुढे जे झालं ते नेहमीचंच. जगभर क्लासेसमधून 'बेंबी पाठीकडे ओढा' असा घोष सुरू झाला आणि माणसं पोट आत घेऊन श्वास रोखून चालू लागली. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्यभर माणसाच्या कमरेवरचा भार मोजला. त्यांचं म्हणणं याच्या उलट होतं: पोट आत ओढू नका, सगळीकडून सारखं आवळा. खोकण्याच्या क्षणी कुशीत बोटं रुतवून पाहा. बोटांना जे घट्ट लागतं ते आवळणं. मॅकगिल यांचा सल्ला मला पटतो आणि या पुस्तकातले सगळे व्यायाम त्याच पायावर आहेत.

पूर्ण उठण्याचा सिट-अप केला की दर खेपेला कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन दाब येतो, हेही मॅकगिल यांच्या मोजणीतलंच. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेसाठी वजन उचलण्याच्या कामाला जी सावधगिरीची मर्यादा धरतात ती ३,४०० न्यूटनच्या घरात आहे. तेव्हा पन्नास सिट-अप म्हणजे पन्नास वेळा त्या उंबरठ्याशी जाऊन येणं. याचा अर्थ सिट-अप करणाऱ्या प्रत्येकाची पाठ मोडते असा नाही. विशीतली पोरं शेकड्यानं करतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्याची कंबर आधीच कुरकुरते त्यानं तोच व्यायाम औषध म्हणून का करावा? अमेरिकेच्या नौदलानं २०२१ मध्ये शारीरिक चाचणीतून हा प्रकार काढून कोपरांवर अंग ताठ धरण्याचा प्लँक आणला. लष्कराच्या २०२२ पासूनच्या चाचणीतही प्लँक आहे. पोटाची चरबी पोटाच्या व्यायामानं उतरत नाही हे आता बहुतेकांना ठाऊक असतं, तरीही जाता जाता पुन्हा नोंदवून ठेवतो.

ताकद आणि टिकाव यांतही गल्लत होते. १९८४ साली डेन्मार्कच्या बीरिंग-सोरेन्सन यांनी माणसांना पलंगावर पालथं झोपवलं, पाय बांधले, कमरेपासून वरचं अंग पलंगाबाहेर अधांतरी ठेवलं आणि ते आडवं किती वेळ धरता येतं ते मोजलं. ज्या पुरुषांना जास्त वेळ धरता आलं त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबर धरण्याचा धोका कमी दिसला. रोजच्या जगण्यात पाठीला एकदाच मोठा जोर लावावा लागत नाही. थोडा जोर लागतो, पण दिवसभर. म्हणून या पुस्तकात धरून ठेवण्याचे व्यायाम दहा-दहा सेकंदांचे आहेत, अनेक वेळा करायचे. प्लँकचा जागतिक विक्रम नऊ तासांपलीकडे गेला आहे. तो करणाऱ्याचं कौतुक करावं आणि आपण दहा सेकंद नीट धरावेत.

आता आपल्या घरचं. धड घट्ट ठेवून हातपाय चालवण्याची विद्या महाराष्ट्राला जिमनं शिकवलेली नाही. तालमीतला जोर पाहा. हात टेकलेले, नितंब वर, मग छाती जमिनीलगत सरकत पुढे आणि डोकं वर. नवखा पोरगा हा जोर घालतो तेव्हा त्याची कंबर मध्येच लोंबते. वस्ताद काही समजावत बसत नाही, लोंबत्या पोटाला तळव्यानं खालून एक टप्पल देतो. मुरलेल्या पैलवानाचे सपाटे चालू असताना त्याच्या पाठीकडे बघावं. वेग कितीही असो, कंबर कुठे कचकत नाही. हौदातली लाल माती खोऱ्यानं खणून वरखाली करायची, हा तालमीत कामाचा भाग समजतात, पण तो कमरेचा उत्तम व्यायाम आहे. खोरं एका बाजूला ओढत असतं आणि धड पिळू द्यायचं नसतं. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत किंवा पुण्याच्या पेठांतल्या जुन्या तालमींत कुणी 'कोअर डे' पाळला नाही. त्यांना तशी गरज नव्हती.

पण मला या विषयात सगळ्यांत जास्त शिकवलं ते मल्लखांबानं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मिळतो. पुढे विसरलेली ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी नव्यानं उभी केली, असं परंपरा सांगते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम दाखवायला गेलं होतं. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला, त्यातही मल्लखांबाला मोठी जागा आहे. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. शिवाजी पार्कवर २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी मुलं मराठी नावांच्या उड्या मारत होती.

पुरलेला खांब सागवानी किंवा शिसवी असतो. खाली जाड, वर निमुळता. बोंड, मान आणि अंग असे त्याचे भाग. त्याला एरंडेल चोळतात. शिकाऊ मुलगा पहिली अढी घालतो तेव्हा काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं. दोन्ही हातांनी खांब कवटाळून त्याला कंबर डोक्याच्या वर न्यायची असते. तो पाय झटकतो, मांड्या खांबावर आपटतात, हात थरथरतात आणि तो सुळकन खाली येतो. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. सर सांगतात, "पाय फेकू नकोस. पोट आधी, पाय नंतर." एका संध्याकाळी, का कोण जाणे, पोट खरंच आधी जातं. कंबर वर तरंगल्यासारखी होते, पाय आपोआप मागून येऊन खांबाला वेढा घालतात आणि तो उलटा लटकून सगळ्यांकडे बघून हसतो. हॉजेस-रिचर्डसन यांनी यंत्रं लावून जे नोंदवलं ते, म्हणजे हातापायांआधी धड, सरांनी एका वाक्यात सांगितलेलं असतं.

आणि इथेच नावीन्याचा प्रश्नही सुटतो. मल्लखांबाची मुलं कंटाळत नाहीत. खांब तोच, जागा तीच, वेळ तीच, तरी वर्षानुवर्षं येतात. कारण अढी जमली की तीच अढी एका हातानं, मग हात न लावता, मग तिच्यातून दसरंग, मग आसन, मग तेढी. नवी गोष्ट जुन्या गोष्टीच्या पोटातून निघते. पुरलेल्या खांबावर पक्का झालेला मुलगा टांगत्या खांबावर जातो, दोरीवर जातो. पकड तीच, पण खालचा आधार हलता. तालमीतही तेच. साधा जोर जमला की हनुमान दंड, वृश्चिक दंड, चक्र दंड. बैठकांतही तसेच प्रकार. मुळाक्षरं थोडी आणि बाराखडी मोठी.

मोबाईलवर दर मिनिटाला नवा व्यायाम दाखवणाऱ्यांचा धंदा उलट चालतो. तिथे मूळ अक्षरच रोज बदलतं. यात एक शास्त्रीय फसगत आहे. कुठलाही नवा व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची, स्नायू वापरण्याची हातोटी येण्याची असते. १९७९ साली मोरितानी आणि डी व्ह्राइस यांनी हे दाखवून दिलं. स्नायू खरोखर भरायला लागतो तो त्यानंतर. दर आठवड्याला व्यायाम बदलणारा माणूस कायम पहिलीच्या वर्गात बसतो. रोज अंग आंबतं, म्हणून काहीतरी घडतंय असं त्याला वाटतं. अंग आंबणं ही सवय नसल्याची खूण आहे, प्रगतीची नाही.

उलट टोकाची माणसंही मी पाहिली आहेत. निवृत्त गृहस्थ, पहाटे पाचला उठणारे, गेली कित्येक वर्षं तेच बारा सूर्यनमस्कार, त्याच गतीनं. त्यांच्या सातत्याला माझा नमस्कार. पण शरीर त्या बारांना केव्हाच सरावलं आहे आणि आता ते फक्त राखण करतंय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा केवढा प्रसार केला. संस्थानातल्या शाळांत तो रुजवला, १९३८ मध्ये लंडनहून त्यावर इंग्रजी पुस्तक निघालं. पण त्यांची पद्धत संख्या हळूहळू चढवत नेण्याची होती. चढण काढून टाकली की उरतो तो विधी.

पहाटेवरून आणखी एक. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस एक-दीड सेंटिमीटरनं उंच असतो आणि ती जादा उंची निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरातच उतरते. या फुगलेल्या अवस्थेत खोल वाकलं तर चकतीवर ताण जास्त पडतो. तेव्हा ज्यांची कंबर नाजूक आहे त्यांनी उठल्या उठल्या पायाची बोटं धरायला जाऊ नये. तासभर घरात वावरावं, चहा घ्यावा, मग नमस्कार घालावेत. सूर्य थांबतो.

तर मग व्यायाम ताजा ठेवायचा कसा? पुस्तकात यावर सबंध प्रकरण आहे, इथे फक्त त्याची रीत सांगतो. मूळ व्यायाम मोजके ठेवायचे आणि एका वेळी त्यातली एकच गोष्ट बदलायची. रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवून तोल धरण्याचा व्यायाम घ्या. पहिल्या महिन्यात फक्त धरायचं. दुसऱ्या महिन्यात लांबवलेल्या हातानं हवेत छोटा चौकोन काढायचा, कंबर न हलवता. तिसऱ्यात गुडघ्याखालची सतरंजी काढून उशी ठेवायची, म्हणजे आधार डळमळेल. चौथ्यात वेग अर्धा. बाहेरून बघणाऱ्याला चारही महिने तोच व्यायाम दिसेल. करणाऱ्याला दर महिन्याला पोट नव्या ठिकाणी आवळलेलं जाणवेल. एकाच हातात पाच किलो पिठाची पिशवी घेऊन गॅलरीत सरळ चालायचा व्यायामही असाच वाढतो. आधी खांदा झुकू न देता, मग गुडघे उंच उचलत, मग पिशवीच्या जागी दहा किलोची. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. तो उंबरठ्यावरून एका हातानं आत ओढताना कमरेला जे लागतं ते नेमकं हेच.

सोव्हिएत रशियात ल्येव मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात खेळाडूंच्या सरावाचं वर्ष टप्प्यांत विभागण्याचं शास्त्र मांडलं. आपल्याकडे हे काम ऋतू आणि जत्रा करत आल्या. मैदानांचा हंगाम जवळ आला की लढतींवर भर. पावसात मैदानं बंद पडली की तालमीत जोर-बैठकांची मेहनत. शहरी माणसानंही वर्षाचे असे दोन-तीन तुकडे पाडावेत. मे महिन्यात दुपारी उघड्या गच्चीवर धावायचा हट्ट कशाला? आणि सोबत लागते. एकट्यानं व्यायाम टिकवणारे असतात, पण थोडे. तालमीत न गेलं तर दुसऱ्या दिवशी "काल कुठं होतास?" असं विचारणारा कुणीतरी असतो. कुठल्याही घड्याळाच्या अ‍ॅपपेक्षा तो प्रश्न जास्त कामाचा आहे.

एक आक्षेप मला हमखास ऐकावा लागतो: कोकणात भात लावणाऱ्या बाईला कुणी कोअर शिकवलं? आक्षेपात रोमँटिकपणा जास्त आहे. दिवसचे दिवस चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांच्या कमरा दुखतात, फक्त त्या कुणी मोजत नाही. कष्ट आणि व्यायाम यांत भार कुणी ठरवायचा आणि कधी थांबायचं हा फरक आहे. तिला थांबता येत नाही.

बायकांसाठीचं प्रकरण मुद्दाम मोठं ठेवलं आहे. बाळंतपणानंतर पोट बांधण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यानं आधार मिळतो, बरंही वाटतं, पण सैलावलेल्या स्नायूंना ताकद येत नाही. पोटाचे सरळ स्नायू मधोमध फाकलेले असताना सिट-अप केले तर पोट मधूनच वर फुगतं. तसं दिसलं तर थांबावं. शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब जाणं हे 'आता वय झालं' म्हणून सोसत राहणाऱ्या कितीजणी आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामानं सुधारतात आणि त्यांचा श्वासाशी थेट संबंध आहे. म्हणूनच पुस्तकाचं पहिलं प्रकरण पोटाचं नसून श्वासाचं आहे. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली चालू असताना पोटातला दाब यंत्रानं मोजला होता, क्ष-किरणांखाली पाहिला होता. श्वासपटल आणि पोट मिळून काम करतात हे मोजून बघण्याचं मराठी मातीतलं ते आरंभीचं काम. नौली मात्र या पुस्तकात नाही, ती गुरूसमोरच शिकावी.

हर्निया, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पायात मुंग्या किंवा बधिरपणा घेऊन उतरणारी कळ, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग हे पुस्तक. लघवी-शौचावरचा ताबा अचानक सुटला तर पुस्तक बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

छायाचित्रांबद्दल एक सांगायचं राहिलं. ती सगळी बाजूनं घेतलेली आहेत. चेहरे नीट दिसत नाहीत म्हणून छायाचित्रकार नाराज होता. पण प्लँकमध्ये कंबर लोंबते की नाही ते समोरून कळत नाही, करणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही. घरातल्या कुणाला तरी जमिनीवर बाजूला बसवावं, पाठीवर कण्याच्या रेषेत फूटपट्टी ठेवायला सांगावी आणि तिच्याखाली कमरेपाशी किती बोटं शिरतात ते मोजून घ्यावं. दोनपेक्षा जास्त शिरली तर गुडघे टेकून पुन्हा सुरुवात करावी.